पाखरं राखायची, पण हाकायची नाहीत

आमच्या निफाडकडे ‘पाखरं राखणं’ म्हणजे पाखरं हाकलणं. द्राक्षात साखर उतरायला लागली की साळुंक्या आणि पोपट थव्याने बागेवर येतात. शाळेच्या आधीचे दोन तास मी आणि माझा भाऊ बागेच्या दोन टोकांना रिकामे डबे बडवत फिरायचो. वडिलांच्या लहानपणी हेच काम बाजरीच्या शेतात माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून व्हायचं. आता मी आयर्लंडच्या आग्नेय टोकाला वेक्सफर्डमध्ये राहते, एका वृद्धाश्रमात नर्स आहे, आणि गेले नऊ हिवाळे इथेही पाखरं राखते आहे, ग्रीनलंडहून येणारे कादंब, म्हणजे रानहंस. फक्त इथली राखण बरोबर उलटी. इथे पाखरू उडालं की माझी राखण चुकली.

आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये आता बरीच मराठी माणसं आहेत. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी नुसतं घरात बसवत नाही, काहीतरी उपयोगाचं करायचंय, असं मला अनेकजण म्हणतात. हे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी. नांदूर मध्यमेश्वरला किंवा उजनीवर पट्टकादंब पाहायला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल, कारण गवत चरणाऱ्या या सगळ्या पाखरांच्या सवयी एकमेकींना जवळच्या आहेत.

आधी पाखराची ओळख. हा ग्रीनलंडचा पांढऱ्या कपाळाचा कादंब. इथली जुनी माणसं त्याला ‘बॉग गूज’ म्हणत, म्हणजे दलदलीतला हंस. पूर्वी तो पाणथळ पीटच्या, म्हणजे कुजक्या वनस्पतींच्या मातीच्या जमिनीत चोच खुपसून कापूसगवताचे कोवळे बुंधे उपटून खायचा. त्या जमिनी जळणासाठी खणल्या गेल्या, चर काढून सुकवल्या गेल्या, तसा तो शेतात आणि कुरणांत आला. उन्हाळ्यात पश्चिम ग्रीनलंडमध्ये अंडी घालतो, शरदात आइसलँडमध्ये थांबत ऑक्टोबरात इथे पोचतो आणि मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत परत निघतो. जगात हिवाळा काढायला त्याला आयर्लंड आणि ब्रिटनचा पश्चिमेकडचा भाग एवढीच जागा आहे. १९४८ साली क्रिस्टोफर डॅल्गेटी आणि पीटर स्कॉट यांनी ही वेगळी उपजात म्हणून नोंदवली. रशियातून येणाऱ्या त्याच्या चुलतभावाची चोच गुलाबी असते, याची नारिंगी, आणि अंगाचा रंग जास्त गडद. कपाळावर चोचीच्या मुळाशी पांढरा पट्टा आणि पोटावर काळे आडवे पट्टे, ही मोठ्या पक्ष्याची खूण. पोटाचे पट्टे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

वेक्सफर्ड शहराच्या समोर, खाडीपलीकडे ‘नॉर्थ स्लॉब’ नावाची सपाट जमीन आहे. १८४० च्या दशकात बांध घालून समुद्राकडून ही जमीन घेतली. ती समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे आजही पंपाने पाणी उपसत राहावं लागतं. तिथल्या साधारण दोनशे हेक्टरांवर सरकारच्या ‘राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव सेवे’चं राखीव क्षेत्र आहे. जगातल्या या कादंबांपैकी एक तृतीयांशाहून जास्त पक्षी हिवाळ्यात वेक्सफर्डच्या या परिसरात असतात. दुसरा मोठा थवा स्कॉटलंडच्या आयला बेटावर. एवढी मोठी बाजू दोनच ठिकाणांवर टेकलेली असल्यामुळे इथे एका माणसाने केलेली चूक किंवा घेतलेली काळजी खरोखर मोजण्याइतकी असते.

आता आकडे, कारण त्यांच्याशिवाय पुढची खटपट कशासाठी ते कळणार नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीला हे पक्षी १४,३०० ते १६,६०० च्या दरम्यान उरले होते. १९८२ मध्ये आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये त्यांची शिकार थांबली आणि १९९९ पर्यंत ते ३५,६०० च्या आसपास गेले. आपल्याला वाटेल, गोष्ट इथे संपली. पण तिथून पुन्हा उतरण लागली. आइसलँडमध्ये दर शरदात तीनेक हजार मारले जात होते. तिथे २००६ पासून आणि ग्रीनलंडमध्ये २००९ पासून बंदी आली. बंदुका थांबल्या तरी आज संख्या १९९९ च्या साधारण निम्मी आहे. पक्षी मरतात जास्त म्हणून नाही, तर पिल्लं होतात कमी म्हणून. पश्चिम ग्रीनलंडमध्ये वसंतात बर्फ जास्त पडायला आणि उशिरापर्यंत टिकायला लागलं आहे. कॅनडा हंसही तिथे वाढले आहेत आणि चरायच्या जागांत वाटेकरी झाले आहेत.

वेक्सफर्डमध्ये बसून ग्रीनलंडचा बर्फ वितळवता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की इथून निघणारी मादी भरल्या अंगाने निघावी. इथून आइसलँड सुमारे दीड हजार किलोमीटर समुद्र, तिथे काही आठवडे चरणं, मग पुन्हा समुद्र आणि ग्रीनलंडचं अख्खं हिमपठार ओलांडून पलीकडे. पोचल्यावर लगेच खायला मिळेलच असं नाही. हिवाळी मुक्कामावरची राखण म्हणजे त्यांचं खाणं न मोडणं. मोजणी त्या राखणीचा हिशेब आहे. माझ्या मते हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. मोजण्यासाठी खाणं मोडणार असेल तर मोजू नका.

न उडवता जवळ कसं जायचं

डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. गवतात सत्त्व कमी आणि कादंबाला ते गाईसारखं रवंथ करून पचवता येत नाही. खात राहतो आणि दर चार-पाच मिनिटांनी मागून टाकत राहतो. म्हणून उजेडाचा जवळजवळ सगळा वेळ तो चरतच असतो. त्यातला अर्धा तास गेला म्हणजे काय, ते मी दुसऱ्या हिवाळ्यात शिकले. आत्या भारतातून आल्या होत्या. त्यांना नीट दिसावं म्हणून मी रस्त्याकडेला गाडी उभी करून दार उघडलं आणि उतरले. सहाशेच्या वर पक्षी एका आवाजात उठले. शेजारी एक म्हातारे पक्षीनिरीक्षक आपल्या गाडीत बसून होते. ते मला काही बोलले नाहीत. फक्त खिडकीतून हात बाहेर काढून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. थवा दोनदा घिरट्या घालून दुसऱ्या शेतात उतरला, मान वर करून उभा राहिला, आणि शेवटच्या पक्ष्याने मान खाली घालेपर्यंत छत्तीस मिनिटं गेली. आत्यांना मी त्या दिवशी पुन्हा काही दाखवलं नाही. गाडीत बसून आम्ही नुसतं घड्याळ पाहत होतो.

तेव्हापासूनचे माझे नियम: गाडीतून उतरायचं नाही. गाडी हाच आडोसा, तिची त्यांना सवय असते. माणसाचा उभा आकार दिसला की ती बिथरतात. गाडी हळू आणायची, एकदाच थांबवायची, पुढेमागे करत बसायचं नाही, इंजिन बंद, दार बंद, काच थंडी वाजली तरी आधीच खाली. रस्त्यावरून चालत असाल तर बांधाच्या वर चढू नका. आभाळाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती फार लांबून दिसते.

थवा तुम्हाला सांगत असतो, ते वाचायला शिका. बहुतेक माना खाली आणि एखाददुसरी वर, म्हणजे सगळं ठीक. शंभरातल्या दहा-पंधरा माना वर झाल्या की थांबा. निम्म्या माना वर, पक्षी एकाच दिशेला तोंड करून चालायला लागले, डोकी झटकायला लागले, की उडण्याच्या बेतात आहेत. तेव्हा गाडी मागे घ्यायची तीही घाईने नाही. वॉर्डात झोपलेल्या आजींच्या खोलीतून आम्ही बाहेर पडतो तसं.

सोबत काय हवं

दुर्बीण असतेच, पण इथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं पाहायची एकनळी दुर्बीण लागते. गाडीच्या काचेला अडकवायचा क्लॅम्प मिळतो, तो घ्या. आधी वापरलेला स्कोप घेतला तरी चालतो. हातातलं मोजणीयंत्र, म्हणजे दाबलं की एक आकडा पुढे जातो ते, दोन घ्या. शेतांचा नकाशा छापून घ्या आणि प्रत्येक शेताला स्वतःचा क्रमांक द्या. पेन्सिल, कारण दमट हवेत बॉलपेन दगा देतं. गरम चहाचा थर्मास आणि डब्यात काहीतरी. मी थालीपीठ नेते, ते गार झालं तरी खाववतं.

मोजणी

सोपी पद्धत पहाटेची. हे कादंब रात्री खाडीच्या तोंडाशी, रेव्हन पॉइंटकडच्या वाळूच्या दांड्यांवर झोपतात आणि उजाडताना स्लॉबवर येतात. वाटेवर आधीच जाऊन बसायचं आणि येणारी रांग मोजायची. एकेक मोजत बसलात तर अर्धा थवा निसटेल. आधी दहा पक्षी मोजा, ते दहा आभाळात किती जागा घेतात ते डोळ्यांत भरून घ्या, मग तेवढे तुकडे मोजा. मोठ्या थव्यात पन्नासांचे तुकडे. घरी सराव करायचा तर ताटात तांदूळ पसरून अंदाज बांधा आणि मग खरे मोजा. मी सुरुवातीला नेहमी कमी मोजायची. जवळजवळ प्रत्येकजण मोठा थवा कमीच मोजतो. आपली चूक कुठल्या बाजूला जाते ते एकदा कळलं की ती सावरता येते.

दिवसाची मोजणी शेतवार करायची. ऊन पाठीशी असेल अशी बाजू निवडा. एक माणूस स्कोपमधून पाहतो, दुसरा लिहितो, आणि दोघांनी एकच शेत वेगवेगळं मोजून नंतर आकडे ताडून पाहायचे, आधी सांगायचे नाहीत. मधेच एखादा थवा उडून दुसऱ्या शेतात गेला तर वेळ लिहा, दिशा लिहा, नाहीतर तेच पक्षी दोनदा मोजले जातात. दाट धुकं असेल तर घरी जा. धुक्यातला आकडा न लिहिलेलाच बरा.

मी महिन्यातून दोनदा जाते ते माझ्या समाधानासाठी. पण शरदात आणि पुन्हा वसंतात निघण्याआधी अशा दोन मोठ्या गणना आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या सगळ्या ठिकाणी ठरलेल्या काळात होतात. ‘ग्रीनलंड व्हाइट-फ्रंटेड गूज स्टडी’ हा गट त्या जुळवतो. त्याशिवाय आयर्लंडच्या पाणथळ पक्ष्यांची दर हिवाळ्याची गणना आहेच. नव्या माणसाने आधी राखीव क्षेत्राच्या लोकांना भेटून त्यांच्यासोबत एक हिवाळा काढावा. एकट्याने वेगळी वही सुरू करू नये. वही कितीही सुंदर ठेवली तरी ती बाकीच्यांशी जुळली नाही तर वाया जाते.

पिल्लं मोजणं

माझं सगळ्यात आवडतं काम हे, आणि सगळ्यात महत्त्वाचंही. एकूण आकडा मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो, पिल्लांचा आकडा पुढची. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाच्या पोटावर काळे पट्टे नसतात आणि कपाळही सुरुवातीला पांढरं नसतं. पण कपाळाचा पांढरेपणा हिवाळाभर हळूहळू येत जातो, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर हे काम उरकायचं. फेब्रुवारीत फक्त कपाळ बघून ठरवलंत तर पिल्लाला मोठं समजाल. पोट बघा, नेहमी पोट बघा.

पद्धत अशी. थव्याच्या एका टोकापासून सुरुवात करून स्कोप हळूहळू सरकवत प्रत्येक पक्षी पाहायचा, एका मोजणीयंत्रावर मोठे, दुसऱ्यावर पिल्लं. जो पक्षी गवतात बसलाय किंवा ज्याचं पोट दिसत नाही तो सोडून द्यायचा, अंदाज करायचा नाही. थव्याची फक्त कड मोजू नका. पिल्लंवाली कुटुंबं बरेचदा कडेला चरतात, त्यामुळे कडेचा हिशेब खोटा आनंद देतो. चांगल्या वर्षी शंभरात पंधरा-वीस पिल्लं असतात. वाईट वर्षी दहाच्याही खाली. असे हिवाळे मी पाहिले आहेत की साडेतीनशे पक्षी तपासून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं भेटली.

मग कुटुंबं. एका जोडीबरोबर किती पिल्लं, हे वेगळं लिहायचं. थोडा वेळ नुसतं बघत राहिलं की कुटुंब आपोआप उलगडतं. चार-पाच पक्षी एका लयीत चालतात, एक मान वर करून पहारा देतो, बाकीचे चरतात, कुणी परका जवळ आला तर बाप मान लांब करून धावतो. या कादंबांची एक गोष्ट इतर हंसांहून वेगळी आहे. मुलं पहिल्याच वर्षी तुटत नाहीत. काही काही तर पुढची अनेक वर्षं आईबापांच्या मागे राहतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून जोडीमागे चालणारा मोठा पक्षी दिसला तर गोंधळू नका, तो मागच्या किंवा त्याच्याही मागच्या वर्षीचा मुलगा असू शकतो. पिल्लांत मात्र त्याला धरायचं नाही.

अंगात किती भरलंय

वडील बाजारात बैल घ्यायला गेले की आधी मागून आणि बाजूने नुसतं बघत उभे राहायचे. कूस किती भरलीय, माकडहाड दिसतंय का. कादंबाचंही तसंच आहे. चरबी शेपटीखाली, दोन पायांच्या मागे पोटात साठते. बाजूने उभ्या असलेल्या पक्ष्याच्या पोटाची ती रेषा आत वळलेली असेल तर एक गुण, सरळ असेल तर दोन, बाहेर फुगलेली असेल तर तीन, आणि दुहेरी फुगवटा लोंबत असेल तर चार. मधलं वाटलं तर अर्धा गुण. पक्षी सपाट जमिनीवर, तुमच्याशी काटकोनात, आखूड गवतात उभा पाहिजे. उंच गवतात आणि ओल्या पिसांवर हा अंदाज फसतो. प्रत्येक खेपेला तीस-चाळीस मोठे पक्षी तपासा. एकाच माणसाने सगळा हिवाळा गुण दिले तर उत्तम, कारण माझे अडीच आणि तुमचे अडीच एक असतीलच असं नाही.

जानेवारीत रेषा सपाट दिसते. मार्च लागला की आठवड्याआठवड्याला फरक कळतो आणि शेवटी काही माद्या अशा दिसतात की चालताना पोट जमिनीला टेकतंय. अलीकडच्या दशकांत हे लवकर भरतात आणि लवकर निघतात. ज्या मार्चात स्लॉबच्या कडेला कुणी रोज कुत्रा मोकळा सोडत होतं त्या मार्चात त्या बाजूच्या शेतांतले गुण मागे राहिलेले मला माझ्या वहीत दिसले. माझी वही म्हणजे पुरावा नव्हे. पण ती घेऊन मी त्या बाईंशी बोलायला जाऊ शकले.

पट्टे वाचणं

काही पक्ष्यांच्या गळ्यात नारिंगी रंगाचा पट्टा असतो, त्यावर काळी तीन अक्षरं-आकडे. १९८० च्या दशकापासून वेक्सफर्डमध्ये असे पट्टे घालत आले आहेत आणि कुटुंबं कशी टिकतात, पक्षी दरवर्षी तिथेच येतात का, किती जगतात, हे बरंचसं त्यातूनच कळलं. एखादं अक्षर दिसलं नाही तर त्या जागी प्रश्नचिन्ह टाका, मनाने भरू नका. मोबाइल स्कोपला लावून फोटो मिळाला तर चांगलं. तारीख, शेत, सोबत कोण होतं, पिल्लं होती का, एवढं लिहून कळवा. पट्टा वाचायला म्हणून एक पाऊलही पुढे जाऊ नका. आज नाही वाचला तर पुढच्या आठवड्यात तोच पक्षी बहुतेक त्याच कुरणात असतो.

पक्षी नसताना करायचं काम

दुपारी थवा दुसरीकडे गेलेला असेल आणि शेतमालकाची परवानगी असेल तर विष्ठा मोजता येते. ऐकायला कसंतरी वाटतं, पण कोणतं शेत खरंच वापरात आहे हे सांगणारी ही फार प्रामाणिक पद्धत आहे. एक खुंटी आणि १.१३ मीटरची दोरी घ्या. खुंटीभोवती दोरी फिरवली की चार चौरस मीटरचं वर्तुळ होतं. शेतात एका रेषेत ठरावीक अंतरावर अशी दहा वर्तुळं करा, बोटाएवढ्या लेंड्या मोजा, मोजून झाल्यावर वर्तुळ साफ करा आणि ठरलेल्या दिवसांनी पुन्हा मोजा. हातमोजे वापरा. बर्ड फ्लूची साथ चालू असेल तर हे काम करूच नका. बूट पाण्याने आणि जंतुनाशकाने धुतल्याशिवाय एका शेतातून दुसऱ्यात जाऊ नका.

बर्ड फ्लूचा विषय निघालाच आहे तर: मेलेला किंवा डुलणारा, मान वाकडी झालेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, कुत्र्याला जवळ जाऊ द्यायचं नाही, जागा नकाशावर टिपून कृषी खात्याला आणि राखीव क्षेत्राला कळवायचं. २०२१-२२ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडच्या सॉल्वे खाडीवर स्वालबार्डहून आलेले बार्नॅकल हंस हजारोंनी मेले. दोन जागांवर गोळा होणाऱ्या आपल्या कादंबावर असं काही आलं तर काय होईल, या विचाराने मला रात्रपाळीत जाग असते. तारांखाली मेलेले पक्षी सापडले तर तेही जागेसकट कळवा. वीजतारांवर आदळून पक्षी मरतात, धुक्यात आणि अंधारात जास्त. एकाच ठिकाणच्या नोंदी साठल्या की तिथे तारांना दिसणाऱ्या खुणा लावायची मागणी करता येते.

माणसांशी बोलणं

राखणीतला कठीण भाग हाच. कायदा आहे: आयर्लंडचा १९७६ चा वन्यजीव कायदा, आणि युरोपीय संघाच्या पक्षी निर्देशाच्या पहिल्या परिशिष्टात या कादंबाचं नाव आहे. वेक्सफर्डची खाडी आणि स्लॉब हे विशेष संरक्षण क्षेत्र आहे. गोळीबार दिसला, मुद्दाम पिटाळणं दिसलं, तर वेळ, जागा आणि गाडीचा नंबर लिहून वन्यजीव सेवेच्या रेंजरला कळवा. स्वतः भांडायला जाऊ नका. पण रोज होणारं नुकसान बंदुकीने होत नाही. ते कुत्रा, ड्रोन, फोटो आणि व्यायामाला पळणारी माणसं करतात, आणि त्यातल्या जवळजवळ कुणालाही वाईट करायचं नसतं.

मी आधी पाखरं दाखवते. स्कोप समोर करते, पिल्लाचं पोट आणि बापाचं पोट दाखवते, मग म्हणते की संध्याकाळी ती वाळूवर झोपायला येतात, तेव्हा रेव्हनच्या टोकापर्यंत जाऊ नका, किंवा कुत्र्याला साखळी लावा. कुत्रावाल्या त्या बाई आता रोज दुसऱ्या बाजूने फिरतात आणि मला कधीकधी फोन करून सांगतात की आज तीन ड्रोन दिसले.

शेतकऱ्याशी बोलताना मात्र मी राखण सांगायला जात नाही, ऐकायला जाते. राखीव क्षेत्रात गवत कादंबांसाठी आखूड ठेवलं जातं. पण थवा कुंपण ओळखत नाही, शेजारच्या हिवाळी गव्हावर उतरतो. एका शेतकऱ्याने मला विचारलं, तुझ्या बापाच्या बागेवर हे उतरले असते तर? मी त्याला डब्यांची गोष्ट सांगितली. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की तो कोवळ्या गव्हावरून त्यांना उठवेल, पण सकाळी लवकर, एकदाच, आणि शेजारचं कापणी झालेलं धसकटांचं रान मार्चपर्यंत नांगरणार नाही, तिथे त्यांना बसू देईल. उठवलं तर जायला जागा पाहिजे, एवढीच माझी मागणी होती. आयला बेटावर सरकार अशा शेतकऱ्यांना पैसे देतं. माझ्या मते ते दिलेच पाहिजेत. आपल्याकडेही ज्याच्या शेतात रानातलं जनावर चरतं त्याला ते सांभाळायची किंमत एकट्याला भरायला लावून कुठलंच रक्षण टिकलेलं मी पाहिलं नाही. नांदूर मध्यमेश्वरला, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं, चापडगावची मुलं वाटाड्याचं काम करतात. पाखरू टिकलं तर घर चालतं, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

फोटो टाकताना कुठल्या शेतात, कोणत्या वळणावर हे लिहू नका. राखीव क्षेत्राचं नाव पुरे. मनोरा आणि आडोसे तिथे लोकांनी पाहावं म्हणूनच बांधलेत.

शेवटचे आठवडे

मार्चच्या मध्यापासून मी रात्रपाळीहून सुटले की घरी न जाता थेट स्लॉबवर जाते. उत्तरेकडचं आभाळ स्वच्छ आणि वारा दक्षिणेचा असेल तर थवा दुपारपासून अस्वस्थ होतो, आवाज चढतो, कुटुंबं एकमेकांजवळ सरकतात. या दिवसांत गाडी नेहमीपेक्षा दूर उभी करा. पोटाचे गुण घ्या, गळ्यातले पट्टे वाचा, आणि कोणत्या दिवशी किती उरले ते रोज लिहा.

मग एक दिवस कुरण रिकामं असतं. त्या दिवशीही नेहमीची फेरी पूर्ण करायची, प्रत्येक शेत बघायचं, आणि प्रत्येक शेतापुढे शून्य लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे कुणी गेलंच नाही, शून्य म्हणजे गेलो, पाहिलं, नव्हते. लोक हे शून्य पाठवत नाहीत आणि मग शेवटचा पक्षी केव्हा गेला ते कुणालाच ठरवता येत नाही. आणखी एक आठवडा जा, कारण मागे राहिलेला एखादा जखमी पक्षी किंवा चुकलेली जोडी याच आठवड्यात सापडते. मग वही राखीव क्षेत्रात नेऊन द्या, बूट धुऊन ठेवा, स्कोपची भिंगं पुसा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोजणीयंत्रं पुन्हा शून्यावर आणायची आहेत.